वाईचा लॅपटॉप, भाग ४: एक रोग समजत होतो, निघाले दोन

मागच्या अपडेटच्या शेवटी मी छाती पुढे काढून लिहिलं होतं की या लॅपटॉपचं वायफाय मधूनच आपोआप न लागायचं प्रकरण मिटलं, पॉवर सेव्ह (बॅटरी वाचवायला वायफाय कार्डाला डुलक्या घ्यायला लावणारी सेटिंग) बंद केलं, बारा दिवस एकही फोन नाही. तेराव्या दिवशी सकाळी पावणेसातला नानांचा फोन. "अरे, तुझं ते मशीन परत रुसलं बघ." म्हणजे ती पोस्ट विसरा. ज्यांनी माझं बघून पॉवर सेव्हची तीच फाईल आपापल्या मशीनवर बदलली असेल त्यांचं नुकसान काही नाही, थोडी बॅटरी जास्त जाईल इतकंच.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. २०११ च्या पिढीचा आय-फाईव्ह, ८ जीबी रॅम, २४० जीबी एसएसडी, मिंट एक्सएफसीई (लिनक्सची हलकी आवृत्ती), बॅटरी आहे पण नावाला. वाईला माझ्या काकांकडे, म्हणजे नानांकडे असतो. ई-पेपर, पंचांग आणि नातवाशी व्हिडिओ कॉल, बस. पासवर्ड टाकायला लागू नये म्हणून ऑटोलॉगिन. मूळ वायफाय कार्डाला क्लोज्ड सोर्स ड्रायव्हर लागायचा आणि कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) प्रत्येक अपडेटला तो ड्रायव्हर रडायचा, म्हणून भाग २ मध्ये ते काढून पुण्याच्या तपकीर गल्लीतून अडीचशे रुपयांत एटीएच९के या ड्रायव्हरवर चालणारं जुनं हाफ मिनी पीसीआयई (लॅपटॉपच्या आत बसणारं छोटं) कार्ड टाकलं. ड्रायव्हर कर्नलमध्येच, वेगळी फर्मवेअर फाईल नको, काही नको. त्या कार्डाच्या मी प्रेमात होतो आणि अजूनही आहे, पण त्याचं पुढे येईलच.

तक्रार एकच: मशीन चालू केलं की कधी कधी वायफाय आपोआप लागत नाही. पुण्यात माझ्या टेबलवर तीस-चाळीस वेळा रीबूट केलं, झाकण पाडलं-उघडलं, दर वेळी लागलंच. वाईला गेलं की रुसणार. आणि मग फोनवर माझे दोन मंत्र. एक, कोपऱ्यातल्या चिन्हावर क्लिक करा, घरच्या वायफायचं नाव निवडा, पासवर्ड विचारला तर डायरीच्या पहिल्या पानावरचा टाका. दोन, राउटरचं बटण बंद करून दहा मोजा आणि चालू करा. कधी पहिला मंत्र लागू पडायचा, कधी दुसरा, कधी दुसरा दोनदा म्हणायला लागायचा. आता मागे वळून बघताना इथेच डोक्यात ट्यूब पेटायला हवी होती, पण मी आपला एकच आजार धरून त्याच्यावर औषधं बदलत बसलो होतो.

केलेले उद्योग भराभर सांगतो. पॉवर सेव्ह ३ चं २ केलं (भाग ३). ऑटोकनेक्ट येस आहे का बघितलं, होतं. प्रायॉरिटी वाढवून १० केली, कारण नानांच्या फोनचा हॉटस्पॉटही सेव्ह होता आणि मला वाटलं तो आधी पकडत असेल. ऑटोकनेक्ट-रिट्राइज शून्य केलं, म्हणजे प्रयत्न सोडूच नकोस (डीफॉल्टला चार वेळा करून नेटवर्क मॅनेजर, म्हणजे लिनक्समधला नेट जोडणारा प्रोग्राम, हात टेकतो). आरएफकिल (वायफाय कुणी बंद करून ठेवलंय का ते सांगणारी कमांड) बघितलं, ना सॉफ्ट ब्लॉक ना हार्ड ब्लॉक. शेवटी वैतागून यूएसबीचा नॅनो डाँगलही घेतला. डाँगलवाल्यांचं एक कळत नाही, खोका तोच, मॉडेल नंबर तोच आणि आत चिप वेगळीच, बरोबर सीडी देतात आणि सीडी घालायला कुणाकडे ड्राइव्ह उरलाय? त्या चिपचा ड्रायव्हर कुठून तरी उचलून कंपाइल करायचा आणि पुढच्या कर्नलला परत तेच. तो डाँगल आता ड्रॉवरमध्ये आहे, कुणाला हवा तर घेऊन जा, फुकट.

तर गेल्या शनिवारी स्वारगेटहून एसटी पकडली आणि वाईला गेलो. खंबाटकीत ट्रॅफिक, पोचायला साडेअकरा. काकूंनी आधी जेवायला बसवलं, त्यामुळे खरं काम दुपारी दोनला सुरू.

आणि पहिला धागा सापडला तो लॉगमध्ये नाही, नानांच्या डायरीत. नाना रोज डायरीत पाऊस लिहितात, दूधवाल्याचा खाडा लिहितात, लाईट कधी गेली कधी आली ते लिहितात, आणि गेल्या दोन महिन्यांपासून "लॅपटॉप रुसला" हेही लिहितायत. मी नुसता बोट फिरवत गेलो आणि अंगावर काटा आला. जिथे जिथे "रुसला" तिथे त्याच दिवशी किंवा आदल्या रात्री "लाईट गेली". एकही अपवाद नाही. आणि माझे ते सुखाचे बारा दिवस? बारा दिवस लाईटच गेली नव्हती हो. पॉवर सेव्हचा काडीचा संबंध नाही.

लाईट गेली की दोन गोष्टी होतात. राउटर बंद पडतो, त्याला बॅकअप नाही. आणि बॅटरी मेलेली असल्यामुळे पंधरा-वीस मिनिटांत लॅपटॉपही बंद पडतो. एरवी नाना मशीन शटडाउन करतच नाहीत, झाकण पाडतात आणि वरून टेबलक्लॉथ घालतात. म्हणजे खरा रीबूट फक्त लाईट गेल्यावर.

आता जर्नलसीटीएल, म्हणजे सिस्टिमचा लॉग दाखवणारी कमांड. आधी लिस्ट-बूट्स करून डायरीच्या तारखा आणि बूटच्या तारखा समोरासमोर लावल्या, मग एकेका बूटचा फक्त नेटवर्क मॅनेजरचा लॉग काढला. रुसलेल्या बूटचे सरळ दोन ढीग पडले. एका ढिगात नेटवर्क दिसतंय, जोडायला सुरुवात होतेय, नीड-ऑथपर्यंत (पासवर्ड हवाय) जाऊन फेल, कारण 'नो-सीक्रेट्स'. दुसऱ्या ढिगात घरचं नेटवर्क स्कॅनमध्येच नाही, आजूबाजूच्यांची पाच-सहा नावं आहेत, हे नाही.

नाना दोन्हीला "रुसला" म्हणत होते आणि मी पुण्यात बसून एकच समजत होतो.

पहिला ढीग. नो-सीक्रेट्स म्हणजे नेटवर्क मॅनेजरला पासवर्ड मिळाला नाही. पण सेव्ह केलेला आहे ना? कनेक्शनची फाईल उघडली, सिस्टिम-कनेक्शन्स फोल्डरमधली, तर आत पीएसके-फ्लॅग्ज १. म्हणजे पासवर्ड फाईलमध्ये नाहीच, तो युजरच्या कीरिंगमध्ये, म्हणजे पासवर्ड ठेवायच्या कुलूपवाल्या पेटीत. आणि ऑटोलॉगिन असलं की कीरिंग कुलूपबंदच राहतं, कारण ते उघडतं लॉगिनच्या पासवर्डने आणि तो तर कुणी टाकलाच नाही. मग स्क्रीनवर एक इंग्रजी खिडकी येते, कीरिंगचा पासवर्ड द्या म्हणून. मी विचारलं, "नाना, अशी खिडकी येते का हो?" म्हणाले, "येते की. मी कॅन्सल करतो. तूच सांगितलंयस, अनोळखी काही विचारलं तर कॅन्सल करायचं."

सांगितलंय. मीच.

आणि तो फ्लॅग १ कुणी केला? तोही मीच. पासवर्डच्या चौकटीत उजवीकडे ते बारकं चिन्ह असतं बघा, त्यात 'फक्त या युजरसाठी' निवडलं होतं, त्या वेळी सिक्युरिटीचं भूत अंगात होतं. ज्या घरात वायफायचा पासवर्ड फ्रिजवर चिकटवलाय तिथे मी तो कीरिंगमध्ये कुलूप लावून ठेवला होता. पुण्यात का नाही सापडलं? तर टेबलवर टेस्ट करताना मी स्वतः पासवर्ड टाकून लॉगिन व्हायचो, कीरिंग त्याबरोबरच उघडायचं. ऑटोलॉगिन मी वाईला निघायच्या दिवशी सकाळी चालू केलं, सगळ्यात शेवटी. यापुढे ज्याच्यासाठी मशीन बनवतोय त्याच्या सेटिंगमध्ये आठवडाभर स्वतः वापरल्याशिवाय हलवायचं नाही असं ठरवलंय.

उपाय दोन मिनिटांचा: एनएमसीएलआयने (नेटवर्क मॅनेजरची कमांड) पीएसके-फ्लॅग्ज ० आणि पासवर्ड परत दिला. झालं. पण त्यात मी अर्धा तास घालवलाच. शहाणपणा करून माझ्या पेनड्राइव्हवरची तयार फाईल कॉपी केली, पेनड्राइव्ह फॅट फॉरमॅटचा असल्याने परमिशन ६४४ (सगळ्यांना वाचता येणारी) झाली, आणि ती फाईल रूटची आणि ६०० (फक्त मालकाला वाचता येणारी) नसेल तर नेटवर्क मॅनेजर ती वाचतच नाही, स्क्रीनवर चकार शब्द नाही, फक्त लॉगमध्ये एक ओळ. हे मी या आधी दोनदा खाल्लंय आणि तरी तिसऱ्यांदा खाल्लं. कीरिंगचा पासवर्डच रिकामा ठेवायचा हा पण एक उपाय लोक सांगतात, चालतो, पण मग त्यात असलेलं सगळंच उघडं पडतं, वायफायसाठी एवढं कशाला.

रीबूट केलं. डेस्कटॉप यायच्या आधीच वायफाय लागलेलं, खिडकी नाही, काही नाही. परत रीबूट. परत लागलं. सहा वेळा केलं, काकू म्हणाल्या, "आता चालू झालंय ना, मग का छळतोयस त्याला?"

दुसरा ढीग मला जास्त आवडला खरं सांगायचं तर. नेटवर्क दिसतच नाही, पण फोनवर त्याच खोलीत फुल्ल रेंज. राउटर बंद-चालू करत बसलो आणि दर वेळी फोनच्या वायफाय अ‍ॅनालायझरवर चॅनेल, म्हणजे राउटर कुठल्या पट्ट्यावर बोलतोय तो नंबर, बघून लिहिला. ६, ११, १३, १, १३, ११. राउटर ऑटोवर आहे, उठला की आजूबाजूची गर्दी बघून स्वतः चॅनेल निवडतो. आणि ज्या दोन वेळी १३, त्या दोन्ही वेळी लॅपटॉप आंधळा! टेबलावर मूठ आपटली मी, चहा सांडला.

आयडब्ल्यू (वायफाय कार्डाची माहिती देणारी कमांड) लिस्ट केलं तर २४६७ आणि २४७२ मेगाहर्ट्झ, म्हणजे चॅनेल १२ आणि १३, दोन्हींसमोर डिसेबल्ड. भारतात तर १३ पर्यंत चालतात. मग डीमेसेज (कर्नलचा लॉग) मध्ये एटीएच शोधलं: कार्डाच्या ईईप्रॉममध्ये (कार्डातली कायमची मेमरी) डीफॉल्ट कंट्री कोड, वापरलेला देश यूएस. आलं लक्षात? अडीचशे रुपयांचं माझं लाडकं कार्ड अमेरिकन आहे, आणि अमेरिकेत ही कार्डं ११ च्या पुढे बघत नाहीत. आयडब्ल्यू रेग सेट करून आयएन (भारत) दिलं, तर रेग गेट म्हणतो कंट्री ९८. हे ९८ म्हणजे कुठला देश नाही, कार्डाचा देश आणि तुमचा देश यांच्यात जे जे सामाईक तेवढंच. अमेरिका आणि भारत यांच्यात सामाईक काय, तर परत ११ पर्यंतच. कार्डाचं म्हणणं असं की तू कितीही सांग, मला जन्मताना जे शिकवलंय त्यापेक्षा जास्त सूट मी घेणार नाही. नानांसारखंच.

पुण्यात माझा राउटर कायम ६ वर ठोकलेला असतो, त्यामुळे हेही तिथे दिसणं शक्य नव्हतं. आणि आता ते दोन मंत्र कळले ना? पहिला मंत्र कीरिंग उघडत होता. दुसरा मंत्र म्हणजे चॅनेलची सोंगटी परत टाकणं, १३ सोडून काहीही पडलं की नाना खूश, परत १३ पडलं की "परत एकदा करा हो नाना".

कर्नल पॅच करून कार्डाचा हट्ट मोडता येतो, ओपनडब्ल्यूआरटीत (राउटरसाठीचं लिनक्स) तशी सोय आहे, पण काकांच्या मशीनवर दर अपडेटला कर्नल कंपाइल करायला मी काही वाईला राहायला जाणार नाहीये. राउटरच्या पानावर जाऊन ऑटो काढलं, चॅनेल १ ठोकला (शेजारचे दोघे ११ वर आणि एक ६ वर होता), रुंदी २० मेगाहर्ट्झ. मग मेन स्विच बंद करून आठ वेळा सगळं घर अंधारात घातलं, आठही वेळा लॅपटॉप आपोआप जोडला गेला. झाकण उघडल्यापासून चार सेकंद. नानांनी घड्याळ लावून मोजले, डायरीत लिहिले.

आता पुढचं. मूळ प्लॅन असा होता की भाग ५ मध्ये नवी बॅटरी. पण हे लिहिता लिहिताच लक्षात आलं की नेटवाल्यांचा मुलगा कधीतरी येऊन राउटर रीसेट करणार आणि चॅनेल परत ऑटोवर जाणार. म्हणून मग विचार केला की ड्युअल बँड कार्ड टाकू, ५ गिगाहर्ट्झवर गेलो की हा १३ चा तमाशाच नको. पण या मशीनच्या बायोसमध्ये व्हाइटलिस्ट (ठरावीक कार्डंच चालू देणारी यादी) आहे का ते मी कधी तपासलेलं नाही, हे एटीएच९के चाललं म्हणून दुसरं चालेलच असं नाही, आणि पुण्याहून कार्ड घेऊन वाईला जायचं आणि तिथे बूटच झालं नाही तर काकूंसमोर काय तोंड दाखवू. त्यापेक्षा आधी राउटरला बारा व्होल्टचा मिनी यूपीएस लावतो. राउटर बंदच पडला नाही तर चॅनेल बदलायचा प्रश्न बराचसा मिटतो, नेट चालू राहतं आणि बॅटरीचा खर्च पुढे ढकलता येतो. म्हणजे बॅटरी भाग ६.

दहा मीटरची लॅन केबल टाकून सगळंच संपवायचा प्रस्तावही मी मांडला होता. राउटर माजघरात, नाना बसतात पडवीत. काकू म्हणाल्या, "वायरीत पाय अडकून कुणी पडलं तर तू येणारेस का वाईला?" तो विषय तिथेच बंद.

कुणाकडे हाफ मिनी पीसीआयई ड्युअल बँड कार्ड पडून असेल आणि ते २०११ च्या आसपासच्या मशीनमध्ये चालवलं असेल, तर मशीनचं मॉडेल आणि बायोसची आवृत्ती दोन्ही सांगा. आणि आपल्या जुन्या कार्डाचा देश डीमेसेज मध्ये एकदा बघून घ्या, माझ्या ड्रॉवरमधल्या चारांपैकी अजून एक अमेरिकन निघालंय.

काल रात्री वाईत लाईट गेली होती. सकाळपासून फोन आलेला नाही. पण ही पोस्ट टाकतोय साडेनऊला, आणि नाना सकाळी आधी पूजा करतात, त्यामुळे अजून काही बोलत नाही.