तुम्ही विचारलंत म्हणून : खाली सोनं असताना कोलारची खाण बंद का?

दसरा जवळ आला, गोखले रोडवरच्या सराफांकडे गर्दी वाढली, की ठाण्यात हा प्रश्न हमखास येतो. मी खाणकामातला आहे हे ठाऊक असलेले शेजारी विचारतात, "काका, सोन्याचा भाव कुठल्या कुठे गेला! मग कोलारची खाण पुन्हा सुरू का करत नाहीत? खाली अजून सोनं आहे म्हणतात ना?"

आहे. १८८० साली जॉन टेलर अँड सन्स या इंग्रजी कंपनीने कर्नाटकातल्या कोलारला आधुनिक पद्धतीने काम हाती घेतलं आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजी भारत गोल्ड माइन्स या सरकारी कंपनीने ते थांबवलं. मधल्या काळात ८०० टनांच्या आसपास सोनं निघालं. चॅम्पियन रीफ खाण तीन किलोमीटरहून खोल गेली. तळाशी पोचल्यावर दगडातली सोन्याची शीर अचानक संपली, असं काही घडलं नाही. पण जुनी खाण चालणार की नाही हे आधी पाणी, दोर, हवा आणि दगड ठरवतात. सोन्याचा नंबर त्यानंतर लागतो. विचारणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर फक्त सोनं असतं, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

पाण्यापासून सुरुवात करू. जमिनीतलं पाणी फटीफटींतून रात्रंदिवस खाणीत झिरपत असतं. त्याला दिवाळी नाही की संप नाही. घोडबंदर रोडवरच्या वीस मजली टॉवरच्या गच्चीवर पाणी चढवायला पंपाला साठ-सत्तर मीटर उचल द्यावी लागते, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ६-७ किलो दाब. खाणीत एकाच टप्प्याची उचल सहज ३०० मीटर असते, म्हणजे ३० किलो दाब. त्यामुळे पाणी एका दमात वर आणत नाहीत. काही लेव्हल, म्हणजे खाणीतले आडवे मजले, सोडून दगडातच हौद खोदतात, त्याच्या शेजारी पंपघर, त्यात मल्टिस्टेज (अनेक टप्प्यांचा) पंप आणि एक तयार जोडपंप. खालच्या हौदातलं पाणी मधल्या हौदात, तिथून वरच्या हौदात, असा प्रवास. एक घनमीटर पाणी १००० मीटर वर आणायला कागदावर २.७ युनिट वीज लागते. पंप, मोटर आणि पाइपमधला तोटा धरला की आकडा ४ युनिटांच्या घरात जातो. रोज १००० घनमीटर पाणी येत असेल, तर रोज ४००० युनिट वीज, तीही सोन्याचा कण हाती लागण्याआधी. कोलारसाठी १९०२ साली कावेरीवरच्या शिवनसमुद्रहून सुमारे दीडशे किलोमीटर लांब विजेची लाइन टाकली गेली, ती याच भुकेपायी. बंगळूर शहराला वीज मिळाली ती त्यानंतर, १९०५ साली.

पंप बिघडतात ते ठरलेल्या कारणांनी. पाण्याबरोबर क्वार्ट्झची (गारगोटीची) बारीक कच येते आणि इंपेलर, म्हणजे पंपातलं फिरतं चाक, खाऊन टाकते. म्हणून पंपाच्या आधी गाळ बसायला हौद हवा, आणि तो दोन कप्प्यांचा हवा, म्हणजे एक उपसताना दुसरा चालू राहतो. गाळ काढायचा कंटाळा केला की काही आठवड्यांत पंपाचा दाब उतरतो आणि दोष मोटरला दिला जातो. दुसरं कारण आम्ल. दगडातल्या पायराइट, आर्सेनोपायराइट या गंधकाच्या खनिजांना हवा आणि पाणी लागलं की आम्ल तयार होतं आणि साधा लोखंडी पाइप आतून पोखरला जातो. तिसरं, अचानक वीज जाणं. तीनशे मीटरचा पाण्याचा खांब माघारी येतो, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तर दणक्याने पाइपचा जोड उडतो. म्हणून पंप थांबवताना आधी डिलिव्हरीचा, म्हणजे पाणी वर सोडणारा, व्हॉल्व्ह हळूहळू मिटायचा आणि मगच मोटर बंद करायची, उलटं कधीच नाही.

मग दोर. ३८ मिलिमीटर जाडीच्या पोलादी दोराचं वजन मीटरला साडेपाच-सहा किलो भरतं. हजार मीटर सोडला तर दोरच सहा टनांच्या आसपास झाला, पिंजरा आणि माणसं वेगळी. माणसं नेणारा दोर साधारणपणे भाराच्या दहापट ताकदीचा धरतात. खोली वाढत गेली की दोर स्वतःचंच वजन उचलण्यात खर्ची पडतो. कोलारला म्हणूनच एका शाफ्टने, म्हणजे एका उभ्या विहिरीने, तळ गाठता येत नव्हता. एक शाफ्ट उतरायचा, आडव्या बोगद्यातून चालायचं, मग खालचा शाफ्ट. आठ तासांच्या पाळीतला केवढा तरी वेळ जाण्यायेण्यातच जातो, आणि पगार मात्र पूर्ण पाळीचा द्यावा लागतो, द्यायलाच हवा.

दोराची रोजची तपासणी साधी वाटते पण तिच्यावर माणसांचे जीव टांगलेले असतात. दोर अगदी संथ सोडतात आणि तपासणारा त्याभोवती कापसाची चिंधी धरून उभा राहतो. तुटलेली तार असेल तिथे चिंधी अडकते. ग्रीसखालचा तुटका धागा डोळ्याला दिसत नाही, चिंधीला सापडतो. पिंजऱ्याजवळच्या टोकाला सगळ्यात जास्त धक्के आणि पाणी लागतं, म्हणून सहा महिन्यांच्या आत ते टोक कापून नवी कॅप, म्हणजे दोर पिंजऱ्याला जोडणारी टोपी, बसवतात. कापलेला तुकडा फेकायचा नसतो. त्याची वीण उसवून एकेक तार ताणून, पिळून, वाकवून बघतात. आतल्या तारा गंजल्या असतील तर त्या इथेच कळतात.

हवेचं गणित सगळ्यात कमी लोकांना माहीत असतं. खाली उतरणारी हवा स्वतःच्याच दाबाने तापते, दर १०० मीटरला साधारण एक अंश. त्यात भर दगडाची. चॅम्पियन रीफच्या तळाकडे दगडाचं तापमान ६५ अंशांच्या आसपास होतं. पण माणसाला मारते ती नुसती उष्णता नव्हे, दमटपणा, आणि ठाण्या-वाशीच्या मे महिन्यात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. म्हणून खाणीत ओल्या थर्मामीटरचा आकडा मोजतात, ज्याच्या फुग्यावर भिजलं कापड असतं. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे तो ३३.५ अंशांच्या वर जाता कामा नये, आणि ३०.५ च्या वर गेला तर हवेचा वेग सेकंदाला किमान एक मीटर ठेवावा लागतो. दमटपणा कमी करायला कोरडं ड्रिलिंग करावं म्हटलं, तर क्वार्ट्झची धूळ फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो. त्याला औषध नाही. तेव्हा पाणी सोडूनच ड्रिल करायचं आणि हवा जास्त द्यायची, तिथे काटकसर चालत नाही. जुन्या खाणीत अडचण अशी, की हवा द्यावी तिकडे जात नाही. शंभर वर्षांची रिकामी पोकळ्यांची जाळी असते, हवा जवळची वाट धरून परत वर निघून जाते आणि कामाच्या तोंडाशी झुळूकही पोचत नाही. एकेक जुनं तोंड शोधून भिंत घालून बुजवायचं, दारांच्या फटी बंद करायच्या, हे काम कधी संपत नाही.

आता दगड. कोलारचं नाव जगभरच्या खाणवाल्यांना ठाऊक आहे ते रॉक बर्स्टमुळे. खोलवर दगडावर प्रचंड ताण असतो. मधला दगड काढला की तो ताण उरलेल्या खांबांवर जातो आणि एखादा खांब सुरुंगासारखा फुटतो. काढलेल्या जागेत ग्रॅनाइटचे घडीव दगड रचून आधार द्यायची तिथली जुनी पद्धत होती, पुढे काँक्रीट भरू लागले. हादऱ्यांची नोंद घेणारी यंत्रं बसली, आणि दगडाच्या वागण्याचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था १९८८ साली कोलारलाच सुरू झाली. त्याच खोलीचा एक फायदाही झाला. १९६५ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ आणि त्यांचे जपानी, ब्रिटिश सहकारी यांनी तिथे वातावरणातले न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण टिपले. डोक्यावर दोन किलोमीटरहून जास्त दगड असल्यामुळेच ते शक्य झालं.

रोजच्या कामात मात्र यंत्रापेक्षा पहार मोठी. स्फोटानंतर धूर निघून गेला की छत ठोकून बघतात. आपण ठोकून पक्क्या केलेल्या छताखाली उभं राहायचं आणि पुढच्या भागावर पहार मारायची, पाऊल पुढे आणि पहार मागे असं कधी नाही. पहार अंगाच्या बाजूने तिरकी धरायची, म्हणजे सुटलेला दगड तिच्यावरून घसरून हातावर येत नाही. घट्ट दगड खणखणतो, सुटलेला बद्द वाजतो. शंका आली तर एका हाताची बोटं छताला टेकवून दुसऱ्या हाताने शेजारी ठोकायचं; कान फसला तरी बोटांना थरथर कळते. त्या वेळी आसपास ड्रिल चालू ठेवायचं नाही, आवाजच ऐकू येणार नाही. न फुटलेला सुरुंग राहिला असेल तर त्याच्या भोकात हत्यार घालायचं नाही. त्यापासून किमान ३० सेंटिमीटर अंतरावर, त्याला समांतर नवं भोक मारून तो उडवायचा. अर्धवट राहिलेल्या जुन्या भोकात पुन्हा ड्रिल टेकवण्याचा मोह आवरायचा, कारण तळाशी दारू शिल्लक असू शकते.

हे सगळं सांभाळल्यावर सोन्याचा हिशेब येतो, आणि इथे खाणी बुडतात. समजा शीर एक मीटर रुंद आहे आणि तिच्यात टनाला ६ ग्रॅम सोनं आहे. ड्रिलवाल्याने भोकं थोडी बाहेर मारली आणि दीड मीटर रुंद दगड पाडला, तर अर्धा मीटर निकामी दगड मिसळून टनाला ४ ग्रॅम उरले. सोनं तेवढंच, पण उचलायचा, वाहायचा, दळायचा माल दीडपट. भाव दीडपट झाला तरी असल्या ढिसाळ कामाने तो खाऊन टाकता येतो. म्हणून शिरेच्या कडा रंगाने आखून देणं आणि दर दीड-दोन मीटरवर शिरेला आडवी खाच पाडून नमुना घेणं, यात हयगय केली की पुढचा सगळा हिशेब खोटा. नमुन्याची परीक्षा मात्र तुमच्या ओळखीची आहे. दागिन्यावर ९१६ चा हॉलमार्क देताना जी शिसं घालून, भट्टीत क्यूपेल नावाच्या सच्छिद्र वाटीत जाळून, नायट्रिक ॲसिडने चांदी वेगळी करण्याची पद्धत वापरतात, तीच इथे वापरतात. टनाला ४ ग्रॅम आणि गिरणीत ९० टक्के हाती लागलं, तर दहा ग्रॅमच्या बावीस कॅरट दागिन्यासाठी अडीच टन दगड लागतो.

गिरणीचं थोडक्यात सांगतो. दगड फोडून बॉल मिलमध्ये पिठासारखा, साधारण ७५ मायक्रॉनपर्यंत दळतात, जड सोनं हलत्या टेबलावर वेगळं करतात, उरलेलं सायनाइडच्या सौम्य द्रावणात दिवस-दोन दिवस हवा देत ढवळतात. आधी चुना घालून पीएच साडेदहाच्या वर नेलेलाच हवा, नाही तर विषारी हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. चुन्याचा फीडर तुंबला की पहिली पळापळ सायनाइड बंद करायची.

हल्ली आणखी एक प्रश्न येतो. घणसोली ते शिळफाटा बुलेट ट्रेनसाठी एवढा डोंगर फोडला, त्यात काही सापडलं का? आपला बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, कोलारचा दगड अडीचशे कोटी वर्षांहून जुना. सोन्याच्या शिरा त्या जुन्या दगडात आहेत, पारसिकच्या डोंगरात नाहीत.

तर कोलार. २००१ नंतर पंप थांबले आणि पाणी चढत गेलं. आज सुरू करायचं म्हणजे आधी उपसा. सरासरी ५०० मीटर खोलीवरचं दहा लाख घनमीटर पाणी काढायला वीसएक लाख युनिट वीज लागेल, आणि झिरप चालूच. घाईने उपसलं तर दगडाच्या फटींत मुरलेल्या पाण्याचा दाब तसाच राहतो आणि भिंती आत ढासळतात. पाणी उतरलेल्या जागेत प्राणवायू कमी असतो, वास नाही, रंग नाही, मोजल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. लाकडी आधार कुजलेले, रूळ गंजलेले. सगळ्यात धोकादायक म्हणजे जुने, अपुरे नकाशे. जुन्या पोकळीत पाणी साठलंय अशी शंका असेल तर ६० मीटर अलीकडूनच पुढे शोधभोकं मारत, ती किमान तीन मीटर पुढे ठेवत सरकावं लागतं. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला कोळसा खाणीत साठलेलं पाणी फुटून ३७५ माणसं गेली. त्यामुळे कोलारचं सोनं परत मिळवायचं तर माझ्या मते आधी वर पडलेल्या, दळून झालेल्या मातीच्या ढिगाऱ्यांकडे वळावं. तिथे दोर नको, पंप नको, छत ठोकायला नको; सोनं कमी आहे, पण दळणाचा मोठा खर्च आधीच झालेला आहे.

"मग हट्टीची सोन्याची खाण कशी चालते?" हा त्यापुढचा प्रश्न. रायचूर जिल्ह्यातल्या हट्टीला तर दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी दगड आगीने तापवून, तडकवून जवळपास २०० मीटर खोल खाणकाम केलं होतं. पुढे इंग्रजांच्या काळात काम झालं, १९२० च्या सुमाराला थांबलं, आणि १९४७ साली आताची कंपनी उभी राहिली. तेव्हापासून तिथला उपसा चालू आहे, शाफ्ट खोल होत गेलाय, नव्या लेव्हल उघडल्या जातायत आणि नकाशे पाळीपाळीने भरले जातायत.