स्क्रीनच्या पलीकडची खोली

समुपदेशनाच्या समोरासमोरच्या सेशनमध्ये खोली आपली, म्हणजे समुपदेशकाची, असते. दार आपण लावतो, पंखा आपण कमी करतो, पाण्याचा तांब्या आपण भरून ठेवतो. ऑनलाइन सेशनमध्ये ती खोली क्लायंटच्या घरात असते, आणि तिथे काय चाललंय ते विचारल्याशिवाय कळत नाही. ऑनलाइन समुपदेशनाचं निम्मं कौशल्य या विचारण्यात आहे आणि उरलेलं कानात. प्रशिक्षणांत मात्र कुठलं ॲप चांगलं यावरच दुपार सरते.

गोव्यातली घरंच बघा. जुन्या कौलारू घरात राजांगणाभोवती, म्हणजे मधल्या अंगणाभोवती, खोल्या असतात, दारं दिवसभर उघडी असतात, आणि कित्येक ठिकाणी मधल्या भिंती कौलांपर्यंत पोचतच नाहीत. एका खोलीतला हुंदका तिसऱ्या खोलीत ऐकू जातो. फोंडा-म्हापशाच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्येही फार वेगळं नसतं. इअरफोन लावले की गोपनीयता झाली असं अनेक समुपदेशक धरून चालतात. पण इअरफोनने फक्त आपला आवाज लपतो. क्लायंटचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत जातोच. म्हणून पहिल्याच सेशनमधली दहा मिनिटं जागा ठरवण्यात घालवावीत. घर कोणत्या वेळी रिकामं असतं? दाराबाहेर पंखा किंवा रेडिओ चालू ठेवता येईल का? काहीच जमत नसेल तर सावलीत उभी केलेली गाडी चालते, मात्र किल्ली काढलेली हवी. गाडी चालवता चालवता सेशन घ्यायचं नाही, क्लायंटने कितीही आग्रह केला तरी. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, दिवसांत घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, तेव्हा सेशनची तारीख आधीच पुढे ढकलावी.

कोणी अचानक आत आलं तर काय करायचं, हेही तेव्हाच ठरवावं. क्लायंटने म्हणायचं एक साधं वाक्य पुरतं: ‘बाजाराचं नंतर बघूया.’ ते ऐकलं की आपण विषय बदलायचा किंवा हो-नाही इतकंच उत्तर लागेल असे प्रश्न विचारायचे. घरात मारहाण होत असल्याची शंका असेल तर सुरुवातच अशी करावी: ‘तुम्ही आत्ता एकट्या आहात का? फक्त हो किंवा नाही म्हणा.’ अशा घरात कॉलची यादी आणि मेसेजही तपासले जातात, त्यामुळे आठवणीच्या मेसेजमध्ये ‘समुपदेशन’ हा शब्द येता कामा नये.

दर सेशनच्या पहिल्या दोन मिनिटांत चार गोष्टी विचाराव्यात: आज नेमके कुठे आहात, घरात कोण आहे, कॉल तुटला तर कोणत्या नंबरवर लावायचा, आणि गरज पडली तर जवळचं माणूस कोण. ‘नेहमीच्याच ठिकाणी’ हे उत्तर घेऊ नये. साखळीची क्लायंट त्या आठवड्यात काणकोणला बहिणीकडे असू शकते, आणि संकटाच्या वेळी आपण १०८ ची गाडी चुकीच्या तालुक्यात पाठवून बसतो. गाव, वाडा, घराची खूण हे सगळं लिहून घ्यावं. आठव्या सेशनपर्यंत क्लायंटला याचा कंटाळा येतो, तरी विचारावं.

आता आवाज. व्हिडिओ कॉलची ॲप्स पार्श्वभूमीचा गोंगाट गाळतात, आणि त्या गाळणीला दबका हुंदका, लांब श्वास, गळ्यात अडकलेला शब्द हेही गोंगाटच वाटतात. शिवाय आवाज आपोआप एका पातळीवर आणला जातो, त्यामुळे बोलता बोलता खाली गेलेला सूर आपल्याला सपाट ऐकू येतो. सेटिंगमध्ये जाऊन ही गाळणी कमी किंवा बंद करावी आणि क्लायंटलाही तसं करायला शिकवावं. लॅपटॉपच्या स्पीकरवर बोलत असाल तर आणखी एक घोटाळा होतो. प्रतिध्वनी रोखायला ॲप एका वेळी एकाचाच आवाज नीट पुढे पाठवतं. आपण सवयीने ‘हं… हं…’ म्हणतो आणि तिचं अर्धं वाक्य कापलं जातं. म्हणून व्हिडिओवर हुंकाराऐवजी मान हलवावी, आणि हेडसेट वापरावा. नुसत्या फोनवर उलटं: तिथे हुंकार हवाच, पण वाक्य संपल्यावर.

शांतता हा तर स्वतंत्र विषय आहे. खोलीत अर्धं मिनिट गप्प बसलं तर ती शांतता आधार देते. स्क्रीनवर चार-पाच सेकंदांत समोरून प्रश्न येतो, ‘हॅलो, आवाज येतोय?’ शांतता द्यायची असेल तर आधी सांगावं: ‘मी इथेच आहे, लाइन चालू आहे, तुम्ही वेळ घ्या.’ बोटीवर कामाला असलेल्या गोंयकारांशी बोलताना हे दुप्पट जपावं लागतं. बोटीवरचा कॉल उपग्रहावरून येतो, आणि तो उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरचा असेल तर प्रश्न जाऊन उत्तर यायला अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतो. एवढ्या खोळंब्यात दोघंही एकदम बोलतात, दोघंही थांबतात, आणि समुपदेशकाला वाटतं क्लायंट टाळतोय. तिथे वाक्य संपलं की ‘सांगा’ म्हणायचं ठरवून घ्यावं. आखातातल्या क्लायंटसाठी वेळेचाही हिशेब ठेवावा: दुबई आपल्या दीड तास मागे, कुवेत अडीच. शिवाय दुबईत व्हॉट्सॲपवरचे कॉल सहसा लागत नाहीत, म्हणून दुसरं ॲप आधीच चालवून बघावं.

चित्राबद्दल थोडक्यात. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, आपण ६० ते ७० सेंटिमीटर मागे, उजेड समोरून, पाठीमागे खिडकी नको. क्लायंटची चौकट छोटी करून कॅमेऱ्याच्या अगदी खाली आणावी, म्हणजे तिच्याकडे बघताना आपली नजर खाली पडल्यासारखी दिसत नाही. आपल्या स्क्रीनवर स्वतःचा चेहरा लपवावा. तो दिसत राहिला की आपण त्याच्याकडेच बघतो, समोरच्याकडे नाही. दोघांचे हात दिसतील इतकी चौकट असावी. पाय दिसणार नाहीत, म्हणून विचारावं: ‘आत्ता अंगात कुठे काय जाणवतंय?’

पावसात वीज जाणारच. बारा व्होल्टचा छोटा यूपीएस राऊटरला जोडला की लाइट गेली तरी वायफाय चालू राहतं. राऊटरचं इंटरनेट ज्या कंपनीचं, तिच्याहून वेगळ्या कंपनीचं सिम हॉटस्पॉटसाठी ठेवावं. तोडगा दोघांना माहीत हवा: कॉल तुटला तर समुपदेशकच दोन मिनिटांत परत लावेल, व्हिडिओ नाही जमला तर साधा कॉल, तोही नाही लागला तर मेसेज. दोघंही एकमेकांना फोन लावत बसले की दोघांनाही लाइन व्यस्त मिळते. आणि सर्वांत दुखरी गोष्ट बोलत असताना लाइन तुटली, तर परत जोडल्यावर ‘कुठे होतो आपण?’ म्हणू नये. आपण ऐकलेलं शेवटचं वाक्य जसंच्या तसं परत सांगावं.

आत्महत्येचा विचार येतो का, हे फोनवरही सरळ शब्दांत विचारावं. उत्तर ‘हो’ आलं तर लाइन सोडायची नाही. घरात विषारी औषध किंवा गोळ्या असतील तर त्या कोण दूर ठेवेल ते ठरवायचं, दुसऱ्या फोनवरून जवळच्या माणसाला बोलवायचं, आणि गरज पडली तर १०८ किंवा ११२. म्हणजे समुपदेशकाकडे दुसरा फोन चार्ज केलेला हवा. पुढची दिशाही तयार हवी: बांबोळीची मनोरुग्ण संस्था, म्हापसा आणि मडगावची जिल्हा इस्पितळं, आणि रात्री-अपरात्रीसाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. बरेच क्लायंट पोलिसांच्या भीतीने खरं सांगत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ मध्ये, प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं आहे, हे त्यांना सांगावं.

भाषेचंही एक आहे. मराठी वाचणारा, मराठीत अर्ज लिहिणारा गोव्यातला माणूस रडताना बहुधा कोंकणीत रडतो. ‘नैराश्य’ शब्दाला तो मान डोलावतो. ‘जिवाक बरें दिसना’ म्हणाल तर बोलू लागतो. स्क्रीनवर चेहरा छोटा दिसत असताना शब्दच जास्त काम करतात, तेव्हा क्लायंटने भाषा बदलली की आपणही तिच्यामागे जावं.

आणि सुधारणा कशी होते? स्वतःचं ऐकून. गोव्यात १९९६ मध्ये सुरू झालेल्या संगाथ संस्थेने डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांकडून नैराश्यावर उपचार करून दाखवले. तिथे सेशनचं ध्वनिमुद्रण ऐकून समुपदेशकांनीच एकमेकांना गुण देण्याची पद्धत वापरली गेली. ती छोट्या प्रमाणावर कोणालाही करता येते. क्लायंटची लेखी संमती घेऊन महिन्याला एका सेशनची दहा मिनिटं मुद्रित करावीत. नंतर घड्याळ लावून मोजावं: आपण किती सेकंद बोललो, किती वेळा मध्येच तोडलं, प्रश्नानंतर किती थांबलो. मग सहकाऱ्याला ऐकवावं. बहुतेकांना पहिल्यांदा मोजल्यावर धक्का बसतो. ऑनलाइन आपण शांतता भरून काढायला जास्त बोलतो. सोबत सेशनच्या शेवटी, सेशन कसं वाटलं याची चार प्रश्नांची रेटिंग पट्टी क्लायंटकडून भरून घ्यावी, प्रत्येक प्रश्नाला १० पैकी गुण. एकूण ४० पैकी ३६ च्या खाली गुण आले तर पुढच्या वेळी गुण कमी का पडले, हाच विषय आधी काढावा. दर वेळी पुरते ४० देणाऱ्या क्लायंटलाही विचारावं, संकोचाने तर देत नाही ना. मुद्रण ऐकून झालं की फोनमधून आणि क्लाउडमधूनही पुसावं. कचऱ्याच्या फोल्डरमध्ये ते बरेच दिवस पडून राहतं.