रेसिंगचं लायसन्स काढताना : बडोद्याहून चेन्नईपर्यंत

कार रेसिंग पेशा म्हणून करायचं तर रोजचं ड्रायव्हिंग लायसन्स पुरत नाही. देशातल्या मोटरस्पोर्टचा कारभार पाहणाऱ्या एफएमएससीआयचं (फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया) कॉम्पिटिशन लायसन्स लागतं. ते नसेल तर राष्ट्रीय स्पर्धेत ट्रॅकवर उतरताच येत नाही. घरात कुणाचाही या क्षेत्राशी संबंध नसताना मी ते बडोद्यात राहून काढलं. आपल्याकडची मुलं-मुली अधूनमधून विचारत असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी वयाचं. फॉर्म्युला वनमध्ये गाडी चालवायला जे सुपर लायसन्स लागतं, त्यासाठी तीन सीझनमध्ये ठरावीक स्पर्धांतून ४० गुण जमवावे लागतात. तिथवर पोचणारी मुलं शाळेत असल्यापासून कार्टिंग, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांचं रेसिंग करतात. २००५ मध्ये जॉर्डन संघातून फॉर्म्युला वनमध्ये गेलेले पहिले भारतीय नारायण कार्तिकेयन यांचे वडील स्वतः रॅली ड्रायव्हर होते. आमच्या बडोद्याची मीरा एर्डाही लहानपणीच कार्टिंगमध्ये उतरली. मी मात्र कलाभवनातून, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजातून मेकॅनिकल करून नोकरीला लागल्यावर या वाटेला आले. त्यामुळे फॉर्म्युला वन माझ्या डोक्यात नाही. पण टूरिंग कार (रस्त्यावरच्या गाड्यांवरून बनवलेल्या रेस कार), तासन्‌तास चालणाऱ्या एन्ड्युरन्स रेस, टायर आणि गाड्यांचं टेस्टिंग, नव्या ड्रायव्हरना शिकवणं यांवरही लोक पोट भरतात, आणि मला ते करायचं आहे.

कागदपत्रांत सगळ्यात महत्त्वाची मेडिकल. रावपुऱ्यातले आमचे जुने डॉक्टरकाका मला लहानपणापासून ओळखतात. त्यांनी बीपी, छाती, रक्तगट सगळं पाहिलं आणि मग रंगीत ठिपक्यांचं पुस्तक काढलं. "हा आकडा वाच. आता हा." मी पटापट वाचत गेले. डोळ्यांना रंग कळतात की नाही हे इतकं बारकाईने का बघतात, ते ट्रॅकवर गेल्यावर पटलं. तिथे सगळा संवाद झेंड्यांचा. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक करायचं नाही. निळा म्हणजे मागून जास्त वेगाची गाडी आली आहे. पिवळ्या-लाल पट्ट्यांचा म्हणजे रस्ता निसरडा. लाल दिसला की सेशन थांबलं. हे सगळं डोळ्याच्या कोपऱ्यातून, तेही चौथ्या गिअरमध्ये असताना टिपायचं असतं.

ट्रेनिंगसाठी नवजीवन एक्सप्रेसने चेन्नई गाठली. प्रवास लांबचा, पण बडोद्याहून थेट गाडी आहे हे सुख. ट्रॅक शहराबाहेर श्रीपेरुम्बुदुरजवळ इरुंगट्टुकोट्टईला, सुमारे ३.७ किलोमीटरचा. सकाळी वर्गात थिअरी, मग गाडी.

सिंगल सीटरमध्ये, म्हणजे एकाच माणसाच्या रेस कारमध्ये बसायचं म्हणजे जवळजवळ आडवंच व्हायचं. स्टीअरिंग काढून ठेवतात, पाय पुढे सरकवत आत घुसायचं, मग मेकॅनिक खांद्यांवरचे, कमरेचे, मांड्यांमधले पट्टे बकलमध्ये अडकवून असे ओढतो की दीर्घ श्वासही घेता येत नाही. मानेभोवतीचा हान्स हेल्मेटला दोन्ही बाजूंनी जोडतात. धडक बसली तर डोकं पुढे फेकलं जाऊन मान तुटू नये, म्हणून तो. आईने फोनवर एकच विचारलं होतं, "पट्टे नीट बांधतात ना गं?" तिला मी याचा व्हिडिओ पाठवला.

खरं शिकणं ब्रेकचं. रस्त्यावरच्या गाडीत पायाचा जोर वाढवणारा सर्व्हो असतो, या गाडीत नाही. पेडल दगडासारखं कडक. वळणाआधी पूर्ण जोर लावायचा आणि स्टीअरिंग वळवताना तो हळूहळू सोडत जायचं. ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकांवर येतं, पुढचे टायर पकड घेतात आणि गाडी वळते. पाय एकदम उचलला तर वजन मागे जातं आणि नाक सरळ बाहेरच्या बाजूला निघतं. इंजिनिअरिंगला हे गणित मी सोडवलं होतं, पण ते पोटरीत उतरायला वेळ लागतो. सरळ रस्त्यावर वेग कुणीही काढेल. ड्रायव्हर कळतो तो ब्रेकिंगच्या जागेवर. रात्री मान इतकी दुखायची की उशीवरून डोकं हाताने उचलायला लागे. घरून निघण्याआधी निदान महिनाभर मानेचे व्यायाम करा, हे मी प्रत्येकाला सांगते.

ट्रेनिंगचं प्रमाणपत्र मिळाल्यावर अर्ज ऑनलाइन भरला. तो भाग सोपा. लक्षात ठेवायचं एवढंच की लायसन्स ३१ डिसेंबरपर्यंतच चालतं, म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच काढलेलं बरं.

पैशांचं काम सगळ्यात अवघड. नवीन ड्रायव्हर बहुधा स्वतःची गाडी बाळगत नाही. टीमकडे सीझनची फी भरतो, गाडी, मेकॅनिक, टायर टीम बघते. ती फी माझ्या पगारात बसत नाही. म्हणून सुट्टीच्या दिवशी प्रायोजक शोधत मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत फिरते. एका पानावर लिहून नेते, गाडीवर नाव कुठे लागेल, कामगारांच्या मुलांना रेसिंगबद्दल सांगायला मी कधी येईन. एका कारखानदार काकांनी टायरचा खर्च उचलायचं कबूल केलं आहे. फॉर्म्युला एलजीबी या देशातल्या सिंगल सीटर स्पर्धेतल्या सीटसाठी टीमशी बोलणं चालू आहे. उरलेल्या रकमेसाठी अजून बऱ्याच दारांवर जायचं आहे, आणि मी जाणार आहे.