हजाराव्या रकान्यानंतर : आमची वाटचाल

आमची कंपनी दोघांची. मी आणि माझा मावसभाऊ. ऑफिस कोल्हापुरात शाहूपुरीला, जिन्याखालच्या खोलीत. पहिलं मोठं काम शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं, म्हणजे धातू ओतणाऱ्या कारखान्याचं. तिथले तपासणी रिपोर्ट वहीतून एक्सेलमध्ये आणि एक्सेलमधून मेलवर जायचे. ते वेबवर आणायचे होते.

नोंद म्हणजे डब्यात डबा. एक हीट, म्हणजे भट्टीतून एकदा काढलेला रस. तिची केमिस्ट्री, तिच्यातली कास्टिंगं म्हणजे ओतलेले भाग, आणि प्रत्येक कास्टिंगची मापं. ग्रे आयर्न, म्हणजे साधं बीड, असेल तर कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक, फॉस्फरसवर भागतं. एसजी आयर्न हे जास्त चिवट बीड आलं की मॅग्नेशियम आणि नॉड्युलॅरिटी, म्हणजे त्यातलं ग्रॅफाइट किती गोल आहे, तेही लागतं. त्यात माल घेणाऱ्या प्रत्येकाला रिपोर्ट आपल्याच साच्यात हवा. सुरुवातीला आम्ही प्रत्येक पान हातानं लिहिलं. एक रकाना वाढला की पान, तपासणीचा कोड आणि डेटाबेस, तिन्हीकडे हात घालायचा. भाऊ वैतागून म्हणाला, ‘‘आपण प्रोग्रॅमर आहे का टायपिस्ट?’’

मग त्यानंच एक रिकर्सिव्ह फंक्शन लिहिलं. नेस्टेड ॲरे, म्हणजे यादीत यादी, द्यायची, फॉर्म घ्यायचा. मजकूर दिसला की टेक्स्ट बॉक्स, हो-नाही दिसलं की चेकबॉक्स, आत आणखी ॲरे दिसला की फील्डसेट, म्हणजे रकान्यांची चौकट, काढून फंक्शननं स्वतःलाच पुन्हा बोलवायचं. रकान्याच्या नावातच त्याचा पत्ता: कास्टिंग[३][मापं][०]. असलं नाव पाहून पीएचपी, म्हणजे आमच्या सर्व्हरवरची प्रोग्रॅमिंगची भाषा, ॲरे आपोआप परत जोडतं. एका पानात मावेल एवढा कोड, आणि महिन्याचं काम दुपारी संपायला लागलं.

फॉर्म काढणं सोपं निघालं. भरलेला फॉर्म जसाच्या तसा परत घेणं अवघड. टिक नसलेला चेकबॉक्स ब्राउझर पाठवतच नाही, म्हणून ‘नापास’ आणि ‘पाहिलंच नाही’ यांत फरक उरेना. त्याच्याआधी त्याच नावाचा शून्य असलेला लपलेला रकाना ठेवून ते निभावलं. मधल्या एखाद्या कास्टिंगची ओळ काढली की खालच्या ओळींचे क्रमांक सरकायचे आणि एकाची मापं दुसऱ्याला चिकटायची, म्हणून प्रत्येक ओळीला कायमचा आयडी दिला.

आणि मग तो फोन आला. ‘‘काय ओ, शेवटची दोन कास्टिंगं कुठं गेली?’’ क्वालिटीचे साहेब. हीटमध्ये ४० कास्टिंगं, त्यांनी सगळी भरलेली, सेव्ह झालं असंही पडद्यावर आलेलं. नोंदीत ३८. दोन दिवस आम्ही आमच्याच फंक्शनवर संशय घेत बसलो. शेवटी सर्व्हरच्या लॉगमध्ये एक वॉर्निंग सापडली. २०१२ च्या जानेवारीत आलेल्या पीएचपी ५.३.९ पासून मॅक्स-इनपुट-व्हार्स नावाची मर्यादा आहे. हजारो रकाने मुद्दाम धाडून सर्व्हर लोळवण्याचा हल्ला रोखायला ती आणली. मुळात ती १००० रकान्यांची. त्यापुढचे रकाने पीएचपी टाकून देतं. आमचे वरचे रकाने १२ आणि प्रत्येक कास्टिंगचे २६. ३८ गुणिले २६ म्हणजे ९८८, अधिक १२, बरोबर हजार! एखादी ओळ अर्धी तुटली असती तर तपासणीत पकडली गेली असती. इथं काप नेमका ओळींच्या मधून गेला होता.

मर्यादा वाढवून मोकळं होता आलं असतं. पण उद्या ८० कास्टिंगं आली की पुन्हा तेच. आता अख्खा फॉर्म जेसन, म्हणजे डेटा मजकुरात लिहायची एक पद्धत, करून एकाच रकान्यातून जातो, सोबत ओळींची संख्या. संख्या जुळली नाही तर सेव्ह होत नाही.

याच काळात दुसरी चूकही उमगली. आम्ही डेटाकडे बघून फॉर्म काढत होतो. नव्या हीटमध्ये कास्टिंगांची यादी रिकामी, आणि रिकाम्या यादीत काय भरायचं हे फंक्शनला कळणार कसं? पान कोरं यायचं. हीट नंबर ०४१७ आकडा समजून ४१७ केला, तो तर नमुनाच. म्हणून घडणीचं वर्णन डेटापासून वेगळं काढलं, जेसन स्कीमात. फॉर्म त्यावरून निघतो, सर्व्हरवरची तपासणीही त्यावरूनच होते.

ते वर्णन आता क्वालिटीचे साहेब स्वतः बदलतात. पहिल्याच आठवड्यात त्यांनी कास्टिंगमध्ये कोअर (आतली पोकळी राखणारा साच्याचा भाग), कोअरमध्ये मापं, मापात शेरे, शेऱ्यात फोटो असं करत सात पातळ्या रचल्या आणि फोन केला, ‘‘पडद्यावर मावंना झालंय.’’ आम्ही चारवर कुलूप घातलं. पाचवी कधी देताय, असं ते अजून बिलाच्या वेळी विचारतात.