पिवळ्या धानाला युरिया चारला त्याची गोष्ट

नोकरी नागपुरात, शेत भंडारा रोडनं मौद्याच्या पुढं. बाबांच्या गुडघ्यांनी जवाब दिला आणि तीन एकर धान माझ्या अंगावर आलं, तेही फक्त रविवारपुरतं.

पहिल्या वर्षी रोवणीनंतर अठरा-वीस दिवसांतच मधल्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या वाफ्यात, धान पिवळं पडलं. शेजारचे काका धुऱ्यावरूनच म्हणाले, "काहून बाप्पा, उपाशी ठेवून राहिला का धानाले? युरिया मार ना." मारला. बांधीत घोट्याच्या वर पाणी उभं होतं, डोक्यावर ऊन होतं. आठ दिवसांनी पाहतो तर धान तसंच, म्हणून आणखी एक गोणी. आता बाजूच्या चांगल्या बांध्या हिरव्या-काळ्याशार झाल्या, मधली मात्र खुरटलेलीच. पुढं त्या काळ्याशार धानातच तुडतुडे भरले, आणि ऑक्टोबरच्या एका पावसात लोंब्यांसकट सगळं आडवं झालं. एकरी बारा क्विंटलही निघालं नाही.

खरी चूक उन्हाळ्यात कळली. माती तपासायला दिली होती. आठ-दहा जागी इंग्रजी व्हीसारखे वीतभर खड्डे करून, सावलीत वाळवून, अर्धा किलो. अहवालात जस्त, म्हणजे झिंक, कमी. तिथल्या ताईंनी मोबाइलमधला माझा जुना फोटो मोठा करून पाहिला आणि विचारलं, "डाग कोणत्या पानावर आहेत?" मी तोवर पानं अशी पाहिलीच नव्हती. नत्र, म्हणजे युरियातलं नायट्रोजन, कमी पडलं की आधी खालची जुनी पानं सरसकट पिवळी होतात, कारण झाड त्यांच्यातलं नत्र काढून नव्या पानांना देतं. माझ्या फोटोत खालच्या पानांवर गंजाचे ठिपके होते, आणि कोवळ्या पानाची मधली शीर बुडाशी पांढुरकी. हा खैरा, जस्त कमी पडलं की होणारा रोग. म्हणजे मागणी जस्ताची, आणि मी चारत होतो युरिया.

त्यातही गंमत अशी, की पाणी साचलं की धानाच्या मातीत उलटसुलट घडतं. हवा संपते, लोहाला चिकटलेलं स्फुरद (फॉस्फरस) सुटून पिकाला मिळू लागतं, पण जस्त मिळेनासं होतं. आणि उभ्या पाण्यात फेकलेला युरिया? दुपारी शेवाळामुळं पाण्याचा सामू (pH) चढतो, आणि नत्राचा बराच भाग अमोनिया होऊन उडून जातो. बाबा ऐकून एवढंच म्हणाले, "म्हणजे पैसे पाण्यात नाही, हवेत गेले ना बे."

दुसऱ्या वर्षी हिशेब पाठकोऱ्या कागदावर मांडला. हेक्टरी 100 किलो नत्र, 50 स्फुरद, 50 पालाश (पोटॅश). एकराला 40, 20, 20. डीएपी खताची एक गोणी म्हणजे 23 किलो स्फुरद आणि 9 किलो नत्र. उरलेल्या 31 किलो नत्राला युरियाची साधारण दीड गोणी, पालाशला 33 किलो पोटॅश. मागच्या वर्षी पोटॅश मी घेतलंच नव्हतं, महाग वाटलं म्हणून. धान आडवं होण्यात त्याचाही हात असावा.

चिखलणीच्या वेळी एकरी 10 किलो झिंक सल्फेट, डीएपीत न मिसळता वेगळं टाकलं. अर्धं नत्र रोवणीला, पाव फुटव्यांच्या वेळी, पाव लोंबी धरायच्या आधी. दर वेळी आदल्या दिवशी मुही, म्हणजे बांधातली पाण्याची वाट, फोडून पाणी काढायचं, चिखलावर युरिया फेकायचा, मग पुन्हा पाणी बांधायचं. हे लिहायला एक ओळ लागते. करताना माझे दोन रविवार आणि सुट्टीचा एक दिवस गेला.

तरी मधल्या बांधीच्या एका कोपऱ्यात ठिपके दिसलेच. सोळा लिटरच्या पंपात 80 ग्रॅम झिंक सल्फेट आणि 40 ग्रॅम चुना घालून फवारलं. पंधरा दिवसांत नवी पानं हिरवी निघाली. एकरी सतराच्या आसपास धान झालं.

सगळ्यात खालच्या बांधीचं मात्र काही जमलं नाही. वरच्या तिन्ही शेतांचं पाणी तिच्यातच उतरतं. मी मुही फोडतो, तोवर काकांच्या बांधीतलं पाणी आत येतं. यंदा त्यांना म्हटलं, युरिया टाकायच्या दिवशी तरी तुमचं पाणी अडवा. ते म्हणाले, "बरं." मग थोडं थांबून, "पण माह्या धानाले मी कवा टाकू?"