फुप्फुस धुताना ऑक्सिजनचा आकडा

पल्मोनरी अल्व्हिओलर प्रोटिनोसिस या दुर्मीळ आजारात फुप्फुसांच्या वायुकोशांतले जुने सर्फॅक्टंट (वायुकोश मिटू न देणारा स्निग्ध पदार्थ) वेळच्या वेळी साफ होत नाही आणि त्याचा साठा वाढत जाऊन रुग्णाला चार पायऱ्या चढणेही जड जाते. या आजाराचे पहिले वर्णन १९५८ साली प्रसिद्ध झाले. नवी औषधे आली असली, तरी वाढलेल्या आजारात आजही फुप्फुस धुवावे लागते. पूर्ण भूल देऊन एक फुप्फुस कोमट सलाइनने पुन्हा पुन्हा भरायचे आणि रिकामे करायचे, तोवर श्वास दुसऱ्यावर चालवायचा. पण ते दुसरेही आजारीच असते.

सगळी भिस्त डबल ल्युमेन ट्यूबवर, म्हणजे दोन फुप्फुसांचे मार्ग वेगळे ठेवणाऱ्या दुहेरी नळीवर असते. तिचा कफ (नळीभोवतीचा हवेचा फुगा) जरा जरी सैल बसला, तरी सलाइन चालू फुप्फुसात उतरते. म्हणून मी ब्राँकोस्कोपने (श्वासमार्गात पाहण्याच्या दुर्बिणीने) ट्यूबची जागा पाहतो, धुवायच्या बाजूचे टोक पाण्यात बुडवून दुसऱ्या बाजूला दाब देत बुडबुडे येतात का, म्हणजे गळती आहे का, ते तपासतो आणि रुग्णाला कुशीवर वळवल्यावर हे सारे पुन्हा करतो. ही पुनरावृत्ती कंटाळवाणी आहे, पण वळवतानाच ट्यूब सरकते. भूल शिरेवाटे प्रोपोफॉलने चालू ठेवणे मला सोयीचे वाटते, कारण औषध पोहोचवण्यासाठी फुप्फुसांवर विसंबावे लागत नाही.

नव्या सहकाऱ्याला हमखास चकवतो तो सॅच्युरेशनचा, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा. फुप्फुस सलाइनने भरले की आकडा चढतो, आणि त्याला वाटते, संकट टळले. वास्तविक आतल्या पाण्याच्या दाबाने त्या फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या दबलेल्या असतात आणि रक्त चालू फुप्फुसाकडे वळलेले असते. पाणी बाहेर काढू लागताच दाब उतरतो, रक्त पुन्हा त्या हवा नसलेल्या फुप्फुसातून वाहू लागते आणि आकडा घसरतो. ही घसरण अपेक्षितच असते, पण पुन्हा भरल्यावरही आकडा चढला नाही, किंवा परत येणारे सलाइन घातल्यापेक्षा बरेच कमी भरले, तर मी भरणे थांबवून आधी गळती शोधतो.

पहिल्या बाटल्यांतले पाणी दुधासारखे असते आणि थोडा वेळ ठेवले की तळाशी गाळ बसतो. ते निवळेपर्यंत दहा-पंधरा लिटर, कधी त्याहूनही जास्त सलाइन लागते. सहसा जास्त बिघडलेले फुप्फुस आधी धुतात. दुसऱ्याची पाळी काही दिवसांनी येते आणि तेव्हा श्वासाचा भार धुतलेल्या फुप्फुसावर टाकता येतो.