सोमवार ते शनिवार

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे म्हणून कमिटीवाल्यांचे मेसेज कधीपासून येतायत आणि मी टाळत होतो, कारण शाळा म्हटलं की मैदान, घंटा, गॅदरिंग हे सगळेच लिहिणार. मला आमच्या बाईंबद्दल लिहायचंय. नाव टाकत नाही, त्यांना आवडलं नसतं, आमच्या बॅचला बरोबर कळेल. गणित शिकवायच्या आणि बायबलचा तासही त्याच घ्यायच्या, आणि दोन्हीकडे त्यांचं एकच, रीत पाठ आहे हे सांगू नकोस, गणित सोडवून दाखव.

वचनं पाठ करण्यात आमच्यातले काहीजण एकदम पटाईत. घडाघडा म्हणून खाली बसायला लागलं की बाई विचारणार, "छान. मग ह्याचं आज काय केलंस?" पुढचा गप्प. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या 2 ऱ्या अध्यायात हेच तर आहे, अंगावर कपडा नसलेल्या, उपाशी माणसाला नुसतं "सुखी राहा, पोटभर जेवा" म्हणून वाटेला लावलं तर त्या विश्वासाचा काय उपयोग?

एकदा कंपासवरून दोघांची जुंपली, एकाच्या शर्टाचं बटण तुटलं आणि तेवढ्यात प्रार्थनेची वेळ झाली. बाईंनी दोघांना व्हरांड्यात काढलं. म्हणाल्या, अर्पण वेदीपाशी ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये, असं मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 5 व्या अध्यायात आहे, तुमचं होऊ दे, आम्ही थांबतो. आणि खरंच थांबल्या की हो. अख्खा वर्ग हात जोडून ताटकळत उभा आणि बाहेर हे दोघं भिंतीकडे तोंड करून. शेवटी एकाने वाकून फरशीवरचं बटण शोधलं, शर्टाला पुसलं आणि दुसऱ्याच्या हातात दिलं. सॉरीबिरी कोणी म्हणालं नाही, बाईंना तेवढं चाललं. नंतर त्यांनी एक गोष्ट दाखवली जी माझ्या कधी लक्षात आली नव्हती, तिथे "तुला भावाचा राग आला असेल तर" असं नाहीये, भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर तू उठून जा असं आहे. म्हणजे चूक कोणाची हा हिशोब नंतर.

आता मी अकाउंट्समध्ये आहे. लोकांची बिलं माझ्या टेबलावरून जातात. मोठ्या पार्टीचं बिल अडलं की तिचा मॅनेजर फोनवर फोन करतो, पण सफाईचं काम घेणारा छोटा कॉन्ट्रॅक्टर बिचारा दोनदा विचारतो आणि गप्प बसतो, कारण काम जाईल ही भीती. त्याचे पैसे अडले म्हणजे त्याच्या माणसांचा पगार अडला. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या 24 व्या अध्यायात मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या म्हटलंय, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्यावर लागलेला असतो. तर मी एवढंच करतो, गठ्ठ्यात ती बिलं वर ठेवतो. नियमाबाहेर काही नाही, बिल बरोबर असेल तरच, फक्त माझ्या आळसापायी ते खाली दबत नाही. साहेबांना "बिल अजून आलंच नाही म्हणून सांग" असं वाटत असेल तर तो फोन ते स्वतः करतात. होय तर होय, नाही तर नाही. ह्याने ऑफिसात माझी लोकप्रियता फार वाढलेली नाही हेही सांगून टाकतो.

क्षमेचं मात्र आपल्याकडे जरा गुळमुळीत झालंय असं माझं स्पष्ट मत आहे. भावाला सत्तर वेळा सात क्षमा कर हे सगळ्यांना पाठ, पण मत्तयच्या त्याच 18 व्या अध्यायात त्याच्या आधी काय आहे? भावाने तुझा अपराध केला तर एकांतात जाऊन त्याला तो दाखव, नाही ऐकलं तर एकदोघांना सोबत घे, तरी नाही तर मंडळीला, म्हणजे चर्चच्या लोकांना सांग. घरात मार खाणाऱ्या बाईला "क्षमा कर आणि सहन कर" सांगणारे हा भाग गाळतात. क्षमा म्हणजे गुन्ह्यावर पांघरूण नव्हे, तिला आधी सुरक्षित जागी पोचवायला पाहिजे.

अशा वेळी लोक पंडिता रमाबाईंचं नाव घेतात, 1896-97 च्या दुष्काळात त्या स्वतः जाऊन निराधार मुलींना घेऊन आल्या. नाव घ्यायलाच पाहिजे. पण कधीकधी वाटतं की आपण ते पळवाट म्हणून घेतो, ती मोठी माणसं, आपल्याला कुठे जमणार वगैरे. मग मला तो ब्रदर लॉरेन्स जवळचा वाटतो, सतराव्या शतकात पॅरिसच्या मठात स्वयंपाकघर सांभाळणारा. पुढे चपला दुरुस्त करत बसायचा. भांड्यांच्या खडखडाटातही आपण देवाजवळच आहोत म्हणायचा. स्वयंपाकघराची त्याला मुळात आवड नव्हती म्हणे, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

जाता जाता, देणगीदारांच्या फलकावर कोणाचं नाव कितव्या ओळीत ह्यावरून आपल्या बॅचच्या ग्रुपवर जे चाललंय ते मी वाचतोय. मत्तय 6, पहिली चार वचनं, दान लोकांना दाखवायला नको, गुपचूप कर म्हणणारी, सगळ्यांना पाठ आहेत. फलक रद्द करून त्या पैशात लायब्ररीला दोन कपाटं घ्या असं मी सुचवलंय, कमिटीने अजून उत्तर दिलेलं नाही.